सरळ ठेवलेल्या चपला

त्याने तिच्या चपला सरळ करून ठेवल्या, एवढंच झालं. व्हिसाच्या मेडिकलसाठी नेमून दिलेला दवाखाना होता, छातीचा फोटो काढून झाला होता, पडद्यामागे जाऊन ती कपडे बदलून आली होती. दाराशी तिने घाईत काढलेल्या चपला एक इकडे तोंड करून, एक तिकडे, अबोला धरलेल्या जावांसारख्या पडल्या होत्या. त्या पोरसवदा टेक्निशियनने वाकून, हाताने, त्या जोडीने मांडल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला केली आणि म्हणाला, "सावकाश हं, ताई." दुसरी कोणी असती तर आईवडिलांनी काय वळण लावलंय म्हणून कौतुक करत घरी गेली असती. पण हिची हयात लोकांचे आतले फोटो काढण्यात गेलेली. चपला सरळ करण्याचा अर्थ त्या पोराला मिसरूड फुटायच्या आधीपासून तिला ठाऊक होता. जिना उतरली ती कठडा धरून, आणि रस्त्यावर आल्यावर तिच्या एकदम ध्यानात आलं की आपण सकाळपासून खोकतो आहोत.

ती ज्या हॉस्पिटलात नोकरी करायची तिथला फोटोचा विभाग तळघरात होता. वर ऊन पडलंय की अंधारून आलंय हे पेशंटच्या अंगावरून ओळखायचं. काचेमागे बसून माइकवर दिवसभर तिचं एकच पालुपद चाले, श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा. त्यावरून पेशंटांनी तिचं नाव 'धरा-सोडा बाई' पाडलं होतं. स्क्रीनवर काय दिसलं ते टेक्निशियनने सांगायचं नाही, ते डॉक्टर सांगतील, असा नियम. आणि पेशंटची जात मोठी लबाड. यंत्रातून बाहेर येतो न येतो तोच तो आपला चेहरा वाचायला लागतो, कसाबसा उठत, गुंड्या लावत, "काय बाई, बरं आहे ना सगळं?" म्हणून चाचपतो. म्हणून चेहरा कोरा ठेवायला शिकावं लागतं. तिचा तर इतका कोरा व्हायचा की लेक लहान असताना एकदा घाबरून म्हणाली होती, आई, तू आत आहेस ना? पण विभागातले सर्वांत जुने, फोटो अंधाऱ्या खोलीत धुऊन वाळत घालायच्या काळातले मामा म्हणत, की कोऱ्या चेहऱ्याने काही होत नाही. हे मामा ना तिचे मामा, ना कुणाचे; पण मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना मामाच म्हणत. "अगं, तोंडाला कुलूप घातलं तरी हात चुगली करतात," मामा सांगत. "ठणठणीत माणसाला आपण काय म्हणतो? चला, उठा, पुढचा पाठवा. आणि फोटोत काही दिसलं की? सावकाश उतरा हं काका, घाई नाही, पाणी देऊ का? ज्याच्या चपला सरळ कराव्याशा वाटल्या, त्याचं काही खरं नाही बघ." त्यावर मामांची एक गोष्ट ठरलेली होती. एका पहिलवानाला त्यांनी चुकून नुसतं 'बसा' म्हटलं, तर तो इथून उठला तो थेट वकिलाकडे गेला आणि मृत्युपत्र करून आला. आणि फोटो होता गुडघ्याचा. मामांच्या गोष्टीतला पहिलवान कधी पहिलवान असे, कधी हवालदार, पण गुडघा कायम असे.

ती हसायची त्या गोष्टीला, गणिताचे मास्तर येऊन जाईपर्यंत. मास्तर म्हणजे कुठल्याशा शाळेतून निवृत्त झालेले, पाठीच्या दुखण्यासाठी आलेले, यंत्रात सरकवतानाही विनोद करणारे. "बाई, या बोगद्याच्या पलीकडे कुठलं स्टेशन येतं?" तिने धरा म्हटलं, त्यांनी धरला. सोडा म्हटलं, सोडला. मधल्या वेळात तिने स्क्रीनवर जे पाहिलं ते पाहिलं. मास्तर खाली उतरले तेव्हा ती नेहमीसारख्या कोऱ्या चेहऱ्याने आत गेली, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तिने वाकून त्यांच्या चपला त्यांच्या पायांपुढे मांडल्या. मास्तरांनी चपलांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग परत चपलांकडे, पोराने बरोबर सोडवलेल्या गणिताकडे पाहावं तसं. "कळलं, बाई," ते म्हणाले. पुढे एकही विनोद न करता गेले. त्या दिवसापासून तिने हात पाठीमागे बांधून उभं राहायची सवय लावून घेतली होती. आणि आज तेच हात कुणा परक्या पोराच्या मनगटाला फुटून तिच्या चपलांपाशी वाकले होते.

चपलांचंच असतं तरी तिने मनाची समजूत घातली असती. पण त्या पोराने फोटो परत एकदा काढला होता. हनुवटी टेकवून, हात कमरेवर उलटे ठेवून, खांदे पुढे काढून ती प्लेटला छाती लावून उभी होती. प्लेटचा तो थंडगार स्पर्श इतरांना देताना तिने जन्मात कधी विचार केला नव्हता, की असं थंड लागतं ते, एखाद्या न बोलणाऱ्या नातेवाइकाने मिठी मारल्यासारखं. पोराने धरा म्हटलं, सोडा म्हटलं, मग बराच वेळ काहीच म्हटलं नाही, आणि मग, "परत घेऊ या ताई, जरा हललात." हललात. उभ्या गावाला हलू नका म्हणून सांगणारी बाई हलेल? तिला अपमान वाटायला हवा होता, पण त्याच्या आधी भीतीच वाटली, कारण 'जरा हललात' हे वाक्य तिचंही होतं. शंका आली की खात्री करून घ्यायला दुसऱ्यांदा काढताना पेशंटला तेच सांगायचं असतं, दोष त्याच्यावर टाकला की तो पुढे काही विचारत नाही. कपडे बदलून येताना तिने काचेतून पाहून घेतलं होतं. पोरगा स्क्रीनला नाक लावून बसला होता आणि फोटोचा एक कोपरा मोठा करून बघत होता. वरचा कोपरा. नेमकं तिथेच तर असतं, जे व्हिसावाले शोधत असतात ते, क्षयाचं. आणि रिपोर्ट हातात मिळायचा नव्हता, तो परस्पर व्हिसाच्या ऑफिसात जायचा. त्या कोपऱ्यात एक डाग निघाला की नोकरी गेली, व्हिसा गेला, आणि छातीचं जे व्हायचं ते निराळंच.

ही नोकरी तरी काय सुखासुखी मिळाली होती? इथे तिला दर वर्षी नव्याने ठेवून घेत, कायम करू म्हणत, आणि कायम करायची वेळ आली की साहेब बदलत. तळघरात केस पिकले. तेव्हा कुठे तिने परदेशात अर्ज करायला घेतले, आणि मग कळलं की टेक्निशियन सगळ्यांना हवेत, पण व्हिसा स्पॉन्सर करा म्हटलं की जागा कालच भरलेली असते. एका हॉस्पिटलने तर पहिल्या अर्जाला लगेच बोलावलं. तिने त्यांच्या इमारतीचं चित्र नीट पाहिलं तर मागच्या बाजूला पोहायचा तलाव, आणि छत्र्यांखाली पसरलेली उघडीनागडी माणसं. इतके तब्येतीने सुदृढ पेशंट तिने उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. ते चित्र एका हॉटेलाचं निघालं, हॉस्पिटल नव्हतंच. तेव्हापासून दुधाने पोळलेली ती ताकच काय, पाणीही फुंकून पीत होती. म्हणून हे शेवटचं, खरंखुरं हॉस्पिटल हो म्हणालं तेव्हाही तिला आनंद व्हायच्या आधी शंका आली. तिथली मॅनेजरबाई कॅमेऱ्यात फार मऊ बोलत होती. घाई करू नका, म्हणाली, विचार करून सांगा, म्हणाली. पेशंटने तुमच्या चेहऱ्यावरून काही ओळखलं तर, असंही तिने विचारलं होतं. आणि "माझ्या चेहऱ्यावर काही नसतं," असं हिने सांगितल्यावर बाई किंचित हसली होती. ते हसू का आलं, हे ती दोन महिने घोळवत होती.

आणि आता घर. चपलांच्या त्या प्रसंगानंतर ती घरात शिरली ती तपासनीस होऊन. राहायच्या खोल्या मागे आणि पुढच्या खोलीत नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान, असं ते घर. ठरलं होतं असं, की आधी तिने जायचं, मग वर्षाच्या आत दुकान आवरून नवरा, सासूबाई आणि आठवीतली लेक यांनी मागून यायचं. ती आत आली तेव्हा नवऱ्याने उठून तिच्या हातातली पिशवी घेतली. का घेतली? लग्नाला पंधरा वर्षं होत आली, त्याने कधी पिशवी घेतली नव्हती. त्याचं म्हणणं असे की पिशवी ही ज्याची त्याने वाहावी, क्रूसासारखी. स्वयंपाकघरात सासूबाई म्हणाल्या, "दमलीस का गं? बस जरा. मी करते चहा." सासूबाईंची जीभ म्हणजे धार लावून ठेवलेली सुरी. 'तुझ्या हाताला चव नाही, आमची भूक मोठी म्हणून जेवतो आम्ही', हे त्यांचं कौतुकाचं वाक्य होतं. ती आठवू लागली. हे गोड बोलणं आजचं नव्हतं. दोन महिने चाललं होतं. तिच्या ते आत्ता लक्षात येत होतं, जसा जुना फोटो परत काढून पाहिला की सावली तिथे पहिल्यापासूनच होती असं दिसतं. म्हणजे यांना आधीच काही दिसलं होतं का? आपण वाळलो आहोत का? रात्री खोकतो का? तिने न्हाणीघरात जाऊन आरशासमोर मुद्दाम खोकून पाहिलं, तर बाहेरून लगेच लेक म्हणाली, "आई, बरं वाटतंय ना तुला?" एरवी ही कार्टी आई पडली तरी कानातली वायर काढणार नाही.

तिसऱ्या दिवशी तिने तळघरात मामांना गाठलं आणि सगळं सांगून म्हणाली, "मामा, माझा एक फोटो काढा." मामांनी ऐकून घेतलं. नियमात बसत नाही वगैरे काही म्हणाले नाहीत. "उभी राहा," म्हणाले. ती आपल्याच प्लेटला छाती लावून उभी राहिली. काचेमागून तिच्याच माइकवर मामांचा घोगरा आवाज आला, श्वास घे, धर. तिने धरला. मामा सोड म्हणेनात. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, मास्तर आठवले, लेकीचं बाळपण आठवलं, तलावाकाठचे ते सुदृढ पेशंट आठवले, आणि शेवटी तिने स्वतःच्या जबाबदारीवर श्वास सोडला आणि आत गेली. मामा हाताची घडी घालून बसले होते. स्क्रीन काळा होता.

"बटण दाबलंच नाही मी," ते म्हणाले.

"का?"

"तुला फोटो कुठे हवाय? तुला माझं तोंड बघायचंय. मी गोड बोललो की तू मेलीस, आणि खेकसलो की म्हणणार, मामा मुद्दाम खेकसतायत, नक्की काहीतरी आहे. कुठल्याही बाजूने मी फुकट मरणार. जा, पुढचा पेशंट पाठव."

ती दारापर्यंत गेली आणि तिला वाटलं, हे खेकसणं खरं की मुद्दामचं? वळून बघावं तर मामा पाण्याचा पेला भरत होते. स्वतःसाठी भरत असावेत.

शेवटी राहवेना म्हणून ती त्या दवाखान्यात परत गेली. पोराला समोरासमोर विचारायचं असं ठरवून गेली होती, पण बाहेरच्या बाकावर बसली आणि बसूनच राहिली, कारण दार उघडं होतं आणि आतलं दिसत होतं. एक दांडगा तरुण फोटो काढून बाहेर आला. पोराने वाकून त्याचे बूट सरळ केले. मग एक म्हातारी आली, तिच्या सपाता. मग एक बाई, तिच्या कडेवरचं मूल; बाईच्या चपला तर केल्याच, मुलाच्या पायातून गळलेला इवलासा बूटही उचलून जोडीला लावला, "सावकाश हं" म्हणाला. प्रत्येकाला सावकाश हं. प्रत्येकाला परत घेऊ या, जरा हललात. बहुधा पोराला अजून यंत्राचा हात बसला नव्हता. ती डोळे फाडून बघत होती. म्हणजे एक तर हा पोरगा मुळातच नीटनेटका होता, नाही तर हा सगळा व्हरांडा मरणाच्या दारात उभा होता. खोटं कशाला बोला, काही क्षण तिला दुसरंच जास्त खरं वाटलं. मांडीवर मूल घेऊन बसलेल्या त्या बाईकडे तिने इतक्या करुणेने पाहिलं, की बाईने मूल पदराआड घेतलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. परदेशातली मॅनेजरबाई होती. व्हिसा मंजूर झाला, मेडिकलमध्ये काही नाही, छाती स्वच्छ, असं तिने सांगितलं; आणि आमचा एक माणूस विमानतळावर न्यायला येईल, गरम कोट आणेल, काळजी करू नका, असं पुढे. कोटाचं ऐकून तिच्या कपाळाला आठी पडली, पण आठीमागे आनंदही होता, तो आता लपेना. छातीत काही नव्हतं. ती उठली, आणि तळघरातून वर आल्यासारखा रस्ता तिला एकदम लख्ख दिसला, दुकानांच्या पाट्या, सायकलवरून घसरलेला दूधवाला, त्याला हसणारी पोरं. अर्ध्या वाटेत मात्र तिची पावलं मंद झाली. छातीत काही नव्हतं. मग घरातले का गोड बोलत होते? त्यांनी फोटो कशाचा पाहिला होता?

दुकानात नवरा खाली बसून खोकी उघडत होता. नव्या फ्रेम होत्या, ओळीने कागदात गुंडाळलेल्या. तिला पाहताच त्याने झाकण लावलं.

"व्हिसा आला," ती म्हणाली.

"अरे वा. छान झालं. छानच झालं."

"हे कुणासाठी?"

"गिऱ्हाइकांसाठी. सीझनचा माल आहे."

"बंद करायच्या दुकानाला कसला सीझन?"

त्याने एक काच हातात घेतली, पुसली, उजेडात धरून पाहिली, परत पुसली. "उन्हातून आलीस. बस ना जरा. पाणी देऊ?"

तिला आता सगळं कळलं, फक्त काय ते कळायचं राहिलं होतं. "पाणी नको," ती म्हणाली, आणि तिच्या नकळत माइकवरचा आवाज लागला. "हलू नकोस. काय दिसलंय ते सांग."

"मी येणार नाहीये," तो म्हणाला. तिला नाही, हातातल्या काचेला. "आईला या वयात उपटून तिकडे लावली तर ती जगणार नाही. आणि तिला इथे टाकून मी नाही येऊ शकत. तू जा. पोरगी दहावी झाली की येईल तुझ्याकडे. तिचं तसं ठरलंय."

"तिचं ठरलंय."

"म्हणजे, बोललो आम्ही. तुझा इंटरव्ह्यू झाला त्याच आठवड्यात."

म्हणजे रिपोर्ट सगळ्या घराने वाचला होता. पेशंट तेवढा बाहेर बाकावर बसून होता. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर थांबली असतीस. थांबली असतीस आणि जन्मभर माझ्या डोक्यावर मिरे वाटले असतेस."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो कोरा होता. इतका कोरा, की हा हे कधी शिकला आणि कुणाकडून, हे विचारायची सोय नव्हती. तिच्यासाठी त्याने हे केलं होतं, की तिच्यापासून सुटायला? की दोन्ही, सारख्याच मापाने, त्याचं त्यालाही न कळता? असल्या गोष्टीचा फोटो निघत नाही, आणि निघाला तरी लोक म्हणतील, जरा हललात. तिने मनातल्या मनात 'थांबते' हा शब्द म्हणून पाहिला. तळघर, दर वर्षी नवा साहेब, तेच कायम करू. तो शब्द तोंडात गंजलेल्या खिळ्यासारखा लागला. मग 'जाते' म्हणून पाहिला. तोही काही गोड नव्हता, पण त्याला निदान गंज नव्हता.

"मी जाणार," ती म्हणाली.

"हो, जायलाच हवंस तू. कसली काळजी करू नकोस, मी सगळं बघतो, तू फक्त..."

"गोड बोलू नकोस."

"मग कसं बोलू?"

"पूर्वी बोलायचास तसं."

त्याने काच खाली ठेवली. सवय मोडली होती बिचाऱ्याची. "तुला बॅग भरता येत नाही," तो म्हणाला. "तू भरत नाहीस, कोंबतेस. जड ते वर, आणि फुटायचं ते खाली. ते विमानवाले उघडायला लावतील तेव्हा अब्रू जाईल आमची."

"आणखी?"

"आणखी, किल्ल्या. घरातली प्रत्येक किल्ली मी शोधून दिली आहे तुला. तिकडे बस रस्त्यावर."

मधलं दार उघडंच होतं. आतून काठीचा आवाज आला आणि सासूबाई चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी, ते लपवायच्या फंदात पडल्या नाहीत. "किल्ल्यांचं काय घेऊन बसलास? गॅस. गॅस बंद केला का ते ही बाई रस्त्याला लागल्यावर आठवते. दोन महिने बोलले नाही मी, पोट फुगलं माझं." आणि मग बांध फुटला. दोघांनी मिळून तिला पंधरा वर्षांचं सुनावलं, तिचं घोरणं, तिची माहेरची माणसं, तिने मीठ विसरून केलेले स्वयंपाक, भर लग्नात तिला आलेली झोप. लेक शाळेतून आली, दप्तरासकट दारात थांबली, आणि परिस्थिती ओळखून म्हणाली, "आणि माझे केस ओढून विंचरते." यातलं निम्मं ऐनवेळी बनवलेलं आहे हे तिला कळत होतं, निम्मं कोणतं, ते कळत नव्हतं. ती फ्रेमच्या खोक्यावर बसून ऐकत राहिली, आणि तिला आपली छाती आतून, पार वरच्या कोपऱ्यापर्यंत, रिकामी आणि स्वच्छ वाटली, आणि दुखतही होती.

बोलून बोलून सगळे दमले. नवरा परत काचा पुसू लागला. सासूबाई आत जायला वळल्या, आणि काठी टेकून थांबल्या.

"आणि तिकडून फोन करशील तेव्हा," त्या म्हणाल्या, "त्या कामावरच्या आवाजात बोलू नकोस माझ्याशी. तसं बोललीस की मला वाटतं, माझंच काहीतरी निघालंय."

"बरं," ती म्हणाली. आणि तो आवाज नेमका तोच निघाला.

सासूबाईंनी तिच्याकडे संशयाने पाहिलं.